युटामध्ये पीएला डॉक्टरच्या सहीशिवाय काम करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नी टेक्सासमध्ये एका ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये सहा वर्षं पूर्णवेळ पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट, आहे. तुमची नोकरी आता सॉल्ट लेक सिटीला हलते आहे. ‘युटात पीए स्वतंत्र झालेत, सुपरवायझिंग डॉक्टर लागत नाही’ असं कुणीतरी सांगितलं. तर तिथे तिला स्वतःचं छोटं फॅमिली क्लिनिक काढता येईल का? शिवाय पुण्यातल्या बीएचएमएस मेहुणीला इकडे येऊन पीए होता येईल का, हेही विचारलंय. मेहुणीकडे शेवटी येते.

पहिल्याचं उत्तर: ऑर्थोमध्येच राहिली तर जवळजवळ हो. फॅमिली मेडिसिनमध्ये लगेच नाही. आणि क्लिनिकचं भाडं निघेल का, हे युटाच्या विधिमंडळापेक्षा मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, आणि खासगी विमा कंपन्या ठरवतील.

मी बरीच वर्षं पीए म्हणून काम करते आहे, एकाहून जास्त राज्यांची लायसन्स बाळगली आहेत आणि हॉस्पिटलच्या क्रेडेन्शियलिंग, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या, समितीवर बसून इतरांचे कागदही तपासले आहेत. वकील नाही. करारावर सही करण्याआधी तिथल्या हेल्थकेअर वकिलाला एकदा पैसे मोजाच.

आधी हे राज्याराज्यात वेगळं का, ते सांगते. अमेरिकेत वैद्यकीय परवाना हा राज्याचा विषय आहे. राज्याला हा अधिकार आहे यावर सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्येच, डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात, शिक्कामोर्तब केलं. पीए हा पेशा त्यानंतर खूप उशिरा आला. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलातून आलेल्या चार कोअरमनना, म्हणजे वैद्यकीय मदतनीसांना, घेऊन पहिला वर्ग सुरू केला, त्यातले तीन १९६७ मध्ये बाहेर पडले. त्यांच्यासाठी कायदाच नव्हता. मग राज्यांनी सोपा मार्ग काढला: डॉक्टरांच्या कायद्यात एक अपवाद घातला की डॉक्टर आपलं काही काम अशा प्रशिक्षित माणसावर सोपवू शकतो. पीएचा अधिकार म्हणजे एक प्रकारचं कुलमुखत्यारपत्र झालं. मूळ हक्क डॉक्टरचा, पीए त्याच्या वतीने सही करणार, आणि डॉक्टर गेला की अधिकारही गेला. डॉक्टर अचानक निवृत्त झाला म्हणून सोमवारी कामावर येऊनही पेशंट तपासता न आलेले पीए मी पाहिले आहेत.

हे मुखत्यारपत्र प्रत्येक राज्याने आपापल्या गतीने लिहिलं. मिसिसिपीने पीएला लायसन्स द्यायला २००० साल उजाडू दिलं. इंडियानाने औषधं लिहिण्याचा अधिकार २००७ मध्ये दिला. केंटकीमध्ये पीएला कंट्रोल्ड, म्हणजे व्यसनाच्या धोक्यामुळे सरकारी नियंत्रणात असलेली, औषधं लिहायची परवानगी थेट २०२० मध्ये मिळाली. त्यामुळे ‘अमेरिकेत पीए काय करू शकतो’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या राज्यात, कोणत्या वर्षी, कोणत्या इमारतीत, हे विचारावं लागतं.

टेक्सास अजून मुखत्यारपत्राच्या जमान्यात आहे. तुमच्या पत्नीकडे डॉक्टरबरोबर केलेला ‘प्रिस्क्रिप्टिव्ह ऑथॉरिटी ॲग्रीमेंट’ नावाचा कागद असणार. हॉस्पिटल आणि वैद्यकीय सेवा कमी असलेले भाग सोडले, तर एका डॉक्टरला पीए आणि ॲडव्हान्स्ड नर्स मिळून सातच जणांशी असा करार करता येतो. ठरावीक बैठका, ठरावीक चार्ट तपासणं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी हे मनापासून होतं आणि त्यातून नवा पीए खरंच शिकतो. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर महिनाअखेरीला कॉम्प्युटरसमोर बसून पंचवीस फायलींवर ‘मम’ म्हणतो.

टेक्सासचा कायदा खरा टोचतो तो औषधांत. कंट्रोल्ड औषधांची यादी शेड्यूलमध्ये विभागलेली आहे, आकडा लहान तितकं नियंत्रण कडक. शेड्यूल दोनची औषधं पीएला फक्त हॉस्पिटलमध्ये दाखल वा इमर्जन्सीत असलेल्या पेशंटला आणि हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारातल्या पेशंटच्या सेवेत, लिहिता येतात, बाहेरच्या क्लिनिकमध्ये नाही. शेड्यूल तीन ते पाचची लिहिता येतात, पण रिफिल धरून ९० दिवसांपुरती. आणि पेशंट दोन वर्षांखालचं बाळ असेल, तर आधी डॉक्टरशी बोलून ते चार्टमध्ये नोंदवावं लागतं. ऑर्थोच्या लोकांना तर ६ ऑक्टोबर २०१४ हा सोमवार आठवतोच. त्या दिवशी डीईएने, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याने, हायड्रोकोडोन या अफूवर्गीय (ओपिऑइड) वेदनाशामकाची मिश्रणं शेड्यूल तीनमधून दोनमध्ये ढकलली. शुक्रवारी मनगटाचं फ्रॅक्चर प्लास्टरमध्ये घालून पीए जी गोळी लिहून देत होता, तीच सोमवारी लिहिता येईना. पेशंट तोच, हाड तेच, पीएचं ज्ञान तेच. सर्जन ओटीत हात धुऊन उभा, बाहेर पेशंट कण्हतोय, आणि मेडिकल असिस्टंट सहीसाठी आत-बाहेर करतेय, असं चित्र होतं. शेवटी अनेकांनी ट्रॅमाडॉल किंवा कोडीनवाली टायलेनॉल लिहायला सुरुवात केली, कारण ती सहीत बसत होती. औषध पेशंटच्या दुखण्यावरून न ठरता सहीवरून ठरायला लागलं. ओपिऑइडवर लगाम हवा होता यात वाद नाही, पण लगाम एकाच घोड्याला लागला.

आता युटा. २०२१ मध्ये तिथे एसबी २७ हे विधेयक मंजूर झालं आणि सुपरव्हिजन (देखरेख) हा शब्द जाऊन ‘कोलॅबोरेशन’ (सहकार्य) आला. त्या कायद्याचा गाभा तासांत आहे. पदवीनंतर ४,००० तास होईपर्यंत पीए नोकरीच्या जागी ठरवलेल्या लेखी धोरणाखाली काम करतो, त्यात त्याची पात्रता कशी तपासायची तेही लिहायचं असतं. ४,००० ते १०,००० तासांच्या दरम्यान लेखी करार लागतो, पण तो डॉक्टरशीच हवा असं नाही. त्याच शाखेत १०,००० तास झालेला पीएही चालतो. १०,००० च्या पुढे करार लागत नाही.

तुमच्या पत्नीचा हिशेब करू. आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाला २,०८०. रजा, सुट्ट्या वजा केल्या तर १,८५० च्या आसपास. सहा वर्षांत ११,००० च्या थोडं वर. मध्ये मॅटर्निटी लीव्ह किंवा अर्धवेळ काम झालं असेल तर काठावर. म्हणून टेक्सासचं क्लिनिक सोडण्याआधी तासांचं पत्र घ्या: लेटरहेडवर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कोणत्या शाखेत, अंदाजे किती क्लिनिकल तास. हे नोकरीत असताना एका ईमेलवर मिळतं. दोन वर्षांनी क्लिनिक एखाद्या मोठ्या ग्रुपला विकलं गेलेलं असतं आणि एचआरमध्ये कुणी ओळख देत नाही.

पण घोडं पेंड खातं ते पुढच्या कलमात. युटाच्या कायद्यात शाखा बदलण्याची तरतूद आहे. ज्या नव्या शाखेत पीएचे ४,००० तास झालेले नाहीत, त्या शाखेत जायचं तर तिथल्या अनुभवी डॉक्टरबरोबर किमान ४,००० तास कोलॅबोरेशन करावं लागतं. ऑर्थोतून फॅमिली मेडिसिनमध्ये जाणं म्हणजे शाखाबदलच. साधारण दोन वर्षं पूर्णवेळ. तोवर ‘स्वतंत्र क्लिनिक’ म्हणजे ज्या क्लिनिकला एक फॅमिली फिजिशियन बांधून घ्यावा लागेल असं क्लिनिक, आणि तो डॉक्टर महिन्याचे पैसे मागेल. आकडा ठरलेला नसतो, ज्याची त्याची घासाघीस.

मला विचाराल तर हे कलम या कायद्याचा सगळ्यात शहाणपणाचा भाग आहे. २०२३ मध्ये ॲरिझोना आणि मोंटानानेही ८,००० तासांचा उंबरठा ठेवून सुपरव्हिजन काढलं. नॉर्थ डकोटाने तर त्याआधीच, २०१९ मध्ये, हॉस्पिटल आणि क्रेडेन्शियलिंग होणाऱ्या क्लिनिकमध्ये लेखी कराराची सक्तीच काढून टाकली होती. पण नुसते तास मोजून काय कळतं? दहा हजार तास गुडघे पाहणाऱ्या पीएला गुडघे उत्तम कळतात. त्याच्याकडे थकवा आणि वजन घटल्याची तक्रार घेऊन पन्नाशीचा माणूस आला, तर त्या तासांचा उपयोग शून्य. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना या सगळ्याला ‘स्कोप क्रीप’, म्हणजे कामाची कक्षा हळूहळू वाढवत नेणं, म्हणते आणि डॉक्टरचे १२ ते १६ हजार प्रशिक्षण-तास विरुद्ध पीएचे साधारण २,००० असा हिशेब मांडते. आमच्या पेशातले लोक या आकड्यावर चिडतात. चिडण्यासारखं त्यात फार नाही. आकडा बरोबर आहे, फक्त तो पहिल्या दिवशीच्या पीएचा आहे, दहाव्या वर्षीच्या नव्हे.

बाकी, राज्यांनी हे कायदे पीएंवर खूश होऊन बदलले, असा समज करून घेऊ नका. रेटा बाजाराचा होता. नर्स प्रॅक्टिशनरना (एनपी, म्हणजे जादा शिक्षण घेऊन पेशंट तपासणाऱ्या आणि औषधं लिहिणाऱ्या नर्स) स्वतःचं बोर्ड आहे आणि निम्म्याहून जास्त राज्यांत त्यांना डॉक्टरचा करार लागत नाही. त्यामुळे क्लिनिकचा मॅनेजर सरळ हिशेब करतो: एनपी घेतला तर एक कागद, पीए घेतला तर कागद, डॉक्टरचा कोटा, चार्टवर सह्या. पगार तोच, मग पीए कशाला? आमच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये ‘ऑप्टिमल टीम प्रॅक्टिस’, म्हणजे पीएला ठरावीक डॉक्टरशी बांधणारी कायद्याची अट नको, हे धोरण घेतलं, त्यामागे मुख्यतः हीच भीती होती. मग २०२० मध्ये कोव्हिड आला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने मार्चमध्ये आदेश काढून पीएंवरची देखरेखीची अट तात्पुरती स्थगित केली, इतरही काही राज्यांनी तसंच केलं. पुढे विधिमंडळात साक्ष देताना आमच्या लोकांना दाखवायला उदाहरण मिळालं.

‘कोलॅबोरेशन’मध्ये करार गेला तरी कर्तव्य जात नाही. पेशंटची अवस्था, आपलं शिक्षण आणि अनुभव पाहून योग्य तज्ज्ञाचा सल्ला घेणं किंवा त्याच्याकडे पाठवणं ही जबाबदारी कायद्यातच आहे. फरक असा की पूर्वी चुकलं तर वकील आधी सुपरवायझिंग डॉक्टरकडे बोट दाखवायचा, आता ‘तुम्ही रेफर का केलं नाहीत?’ हा प्रश्न थेट पीएला. जबाबदारीही सहीबरोबर येते, आणि मोठ्या ग्रुपमधल्या अनेक पीएंनी ही बाजू नीट तोललेली नसते.

हॉस्पिटलचं वेगळंच. युटाने करार काढला म्हणून हॉस्पिटलला पीएला मोकळं सोडावं लागतं असं नाही. मेडिकल स्टाफच्या नियमावलीत (बायलॉज) हॉस्पिटल राज्यापेक्षा कडक अट ठेवू शकतं आणि ठेवतंच. पत्नी ऑर्थोमध्येच राहून हॉस्पिटलला जोडली गेली, तर तिच्यापुढे प्रिव्हिलेजेसचा, म्हणजे कोणकोणत्या प्रोसिजर करू द्यायच्या याचा, फॉर्म येईल. सांध्यातलं पाणी काढणं, भूल न देता फ्रॅक्चर बसवणं, ओटीत फर्स्ट असिस्ट, प्रत्येकासमोर चौकोन, आणि बाजूला ‘गेल्या दोन वर्षांत किती केल्या’. समितीवर आम्ही राज्याचा कायदा पाच मिनिटं पाहतो आणि हा तक्ता अर्धा तास. टेक्सासमधून निघण्याआधी तिने प्रोसिजर लॉग प्रिंट करून आणला, तर अर्ज झटकन पुढे सरकेल. नसेल तर पहिले काही महिने कुणीतरी बाजूला उभं राहून प्रत्येक प्रोसिजर पाहील. त्यात अपमान काही नाही, नव्याने आलेल्या सर्जनलाही ते चुकत नाही.

आता पैसा. मेडिकेअर पीएच्या नावाने आलेल्या बिलाला डॉक्टरच्या दराच्या ८५ टक्के देतं. डॉक्टरला १०० डॉलर मिळतात तिथे पीएला ८५. पण ‘इन्सिडंट टू’ नावाची वाट आहे: पेशंटला आधी डॉक्टरने पाहून उपचार ठरवलेला असेल, तक्रार जुनीच असेल आणि त्या वेळी डॉक्टर देखरेखीला हजर असेल, तर तीच भेट डॉक्टरच्या नावाने पूर्ण १०० वर बिल करता येते. म्हणजे बघा, राज्य म्हणतं डॉक्टर लागत नाही, आणि क्लिनिकचा मालक म्हणतो डॉक्टर असू दे, पंधरा टक्के येतात. ‘स्वतंत्र’ राज्यांतही पीए आणि डॉक्टर एकाच छताखाली दिसतात याचं मोठं कारण हे आहे.

स्वतःच्या क्लिनिकसाठी एक चांगली गोष्ट घडली आहे. १ जानेवारी २०२२ पासून मेडिकेअर पीएला थेट पैसे देतं. त्याआधी बिल पीएच्या कामाचं असलं तरी पैसे मालक संस्थेलाच जायचे. खासगी विमा कंपन्या मात्र सगळ्या सारख्या नाहीत. काही पीएला स्वतंत्र प्रोव्हायडर म्हणून नेटवर्कमध्ये घेतच नाहीत. जागा भाड्याने घेण्याआधी सॉल्ट लेकमधल्या मोठ्या चार-पाच विमा कंपन्यांच्या प्रोव्हायडर एनरोलमेंटला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: डॉक्टर नसलेल्या, पीएच्या मालकीच्या क्लिनिकला तुम्ही नेटवर्कमध्ये घेता का? तीन ठिकाणी ‘नाही’ आलं तर विषय संपला, मग कायदा काहीही म्हणो. मालकीचाही कायदा वेगळा असतो. कॅलिफोर्नियात मेडिकल कॉर्पोरेशनमध्ये डॉक्टर सोडून बाकीच्यांना मिळून ४९ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. युटात तिची कंपनी कोणत्या प्रकारची असावी, हे वकिलाला पहिल्या पंधरा मिनिटांतच विचारा.

स्थलांतराचे कागद. युटाचं लायसन्स डोपल, म्हणजे तिथलं व्यावसायिक परवाना खातं देतं. एनसीसीपीए या पीएंच्या राष्ट्रीय प्रमाणपत्र संस्थेचं सर्टिफिकेट चालू ठेवा. कंट्रोल्ड औषधांसाठी युटाचं राज्यस्तरीय वेगळं लायसन्स लागतं आणि डीईए नोंदणीही युटाची लागते. टेक्सासचा डीईए नंबर घेऊन युटात लिहिता येत नाही, हे मध्येच लक्षात येऊन लोकांचे पहिले महिने वाया जातात. एकदा ते हातात आलं की शेड्यूल दोनची औषधं ती स्वतःच्या सहीने लिहू शकेल. टेक्सासमधून आलेल्या पीएला सगळ्यात आधी हाच बदल जाणवतो.

जुन्या पेशंटांशी व्हिडिओवर बोलणं चालू ठेवायचं असेल, तर लक्षात घ्या, पेशंट जिथे बसलाय तिथला कायदा लागतो. ह्यूस्टनमधल्या पेशंटसाठी टेक्सासचं लायसन्स आणि टेक्सासचा करार दोन्ही हवेत, तुम्ही सॉल्ट लेकमध्ये असलात तरी. पीए कॉम्पॅक्ट नावाचा राज्याराज्यांतला करार आहे, २०२३ मध्ये त्यात शिरणाऱ्या पहिल्या राज्यांत युटा होतं आणि २०२४ मध्ये सातवं राज्य आल्यावर तो लागू झाला. पण त्यानेही फक्त प्रवेशाचा कागद सोपा होतो, स्कोप, म्हणजे कामाची कक्षा, त्या-त्या राज्याचीच राहते. टेक्सासचं लायसन्स मात्र निदान एक नूतनीकरण तरी चालू ठेवा, युटात मन रमलं नाही तर नव्याने अर्ज करण्याचा त्रास वाचेल.

मालप्रॅक्टिस विमा ‘क्लेम्स-मेड’ प्रकारचा आहे का, ते टेक्सासचा राजीनामा देण्याआधी पाहा. असेल, तर नोकरी सुटल्यावर आलेल्या दाव्यासाठी ‘टेल’ नावाची जादा पॉलिसी घ्यावी लागते, ती महाग असते आणि ती कुणी भरायची हे नोकरीच्या करारात लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते राजीनाम्यानंतर वाचतात.

आता मेहुणी. बीएचएमएस किंवा सीसीएमपीच्या (होमिओपॅथांसाठीचा एक वर्षाचा ॲलोपॅथी औषधांचा कोर्स) जोरावर इथे पीए होता येत नाही. एमबीबीएसच्याही नाही. पीएची राष्ट्रीय परीक्षा, पान्स, देण्यासाठी एआरसी-पीए या पीए अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या इथल्याच प्रोग्राममधून बाहेर पडावं लागतं. साधारण २७ महिने, मास्टर्स, आणि खर्च भरपूर. भारतातही पीए घडतात. मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ मध्ये सुरुवात केली आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या पेशाचा समावेश झाला. पण ती पदवीही पान्सला चालत नाही.

मेहुणीला ही सगळी भांडणं परकी वाटणार नाहीत म्हणा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथना एक वर्षाच्या सीसीएमपीनंतर मर्यादित ॲलोपॅथी लिहू देण्याचं ठरवलं, डॉक्टरांची संघटना आयएमए कोर्टात गेली, २०२५ मध्ये मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवरून संपही झाला. फरक मात्र मोठा आहे. इथला पीए पहिल्या दिवसापासून त्याच वैद्यकशास्त्रात शिकतो आणि डॉक्टर शिकवतात त्याच वॉर्डात फिरतो, म्हणून वाद देखरेख किती हवी यावर आहे. तिथला वाद वेगळ्या पॅथीत शिकलेल्याला एका वर्षात किती देता येईल यावर आहे. एकाच्या युक्तिवादाने दुसऱ्याचा निकाल लावू नये.

तिला खरंच यायचं असेल, तर आधी परदेशी पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं आणि प्रत्येक प्रोग्रामची विज्ञान विषयांची यादी पाहावी. बरेच प्रोग्राम हे विषय अमेरिकेतल्या कॉलेजात पुन्हा करायला लावतात. अर्ज कॅस्पा या सामाईक पोर्टलवरून जातात. बहुतेक ठिकाणी पेशंटच्या थेट सेवेचे तास लागतात. पुण्याच्या दवाखान्यातले तास धरतील की नाही, हे प्रत्येक प्रोग्राम स्वतः ठरवतो, म्हणून फी भरण्याआधी ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.